पोथी नेली म्हणता, मग बॉम्ब कुठाय?

जर्मनांनी आपल्या पोथ्या पळवल्या, त्या वाचून अणुबॉम्ब तयार केला, आणि ऐन वेळी हायझेनबर्ग नावाच्या शास्त्रज्ञाला भारतीय तत्त्वज्ञान आठवलं म्हणून तो हिटलरच्या हाती दिला नाही. गणेशोत्सवातल्या व्याख्यानात आमच्या येरमाळ्यात हे तीन मजली विधान झालं आणि त्याला दणकून टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांवर माझा राग नाही. रात्रीचे नऊ वाजून गेले होते, दिवसभर सोयाबीनच्या रानात वाकलेली माणसं खुर्च्यांवर टेकली होती, आणि ‘हे मुळात आपलंच’ असं कुणी सांगितलं तर वाईट कुणाला वाटतं? माझं भांडण व्याख्यात्यांशी आहे. माणूस शिकलेला, बोलण्यात पटाईत, नेमक्या जागी आवाज चढवणारा. थोडा वेळ काढून चार पुस्तकं उलटली असती, तर आपल्या विधानाचा एकही मजला उभा राहत नाही हे त्यांना घरीच कळलं असतं.

मधल्या मजल्यापासून सुरुवात करतो, कारण तो मुळात बांधलेलाच नाही. जर्मनीने अणुबॉम्ब केला नाही. बॉम्ब राहू द्या, स्वतःच्या बळावर चालत राहील अशी साधी अणुभट्टीही त्यांना युद्ध संपेपर्यंत जमली नाही. 2005 साली राइनर कार्ल्श या इतिहासकाराने जर्मनीत पुस्तक काढून दावा केला की मार्च 1945मध्ये थुरिंगिया प्रांतात छोटी अणुचाचणी झाली होती. जर्मनीच्याच राष्ट्रीय मापनसंस्थेने तिथली माती तपासली. 2006मध्ये निष्कर्ष आला: अणुस्फोटाची कसलीही खूण नाही. तेव्हा ‘पोथीवरून केलेला बॉम्ब’ ही न झालेल्या बाळाच्या बारशाची मिठाई आहे, आणि आम्ही ती खाल्ली.

आता पोथ्या. इथे मात्र व्याख्यात्यांना थोडी मदत करतो, कारण त्यांनी आपल्या बाजूचा सगळ्यात चांगला पुरावा वापरलाच नाही. फ्रान्झ कीलहॉर्न नावाचे जर्मन पंडित 1866पासून 1881पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवत होते. पुण्याहून ते गेले ते थेट जर्मनीत गॉटिंगेनच्या विद्यापीठात. आणि याच गॉटिंगेनमध्ये 1925 साली माक्स बोर्न, हायझेनबर्ग आणि योर्दान यांनी पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) उभी केली. आहे की नाही धागा? पुणे ते गॉटिंगेन, पोथी ते पुंज! असल्या गोष्टी फोनवरून पसरवणाऱ्यांना हे कसं सुचलं नाही याचं मला नवल वाटतं.

पण धागा ओढला की तुटतो. कीलहॉर्नांचं आयुष्यभराचं काम म्हणजे पतंजलीचं व्याकरण-महाभाष्य. त्याची त्यांनी केलेली आवृत्ती 1880 ते 1885 या काळात छापली गेली, आणि ती छापली मुंबईत. ग्रंथ व्याकरणाचा, छापखाना आपला, विक्री उघड्यावर. त्याला चोरी कसं म्हणायचं? माक्स म्युलरचंही तसंच. माणूस जर्मन, पण त्याचा ऋग्वेद ऑक्सफर्डला संपादित झाला, ईस्ट इंडिया कंपनीच्या पैशाने, आणि 1849 ते 1874 या काळात त्याचे सहा खंड सगळ्या जगासाठी छापून निघाले. ज्याला हवा त्याने विकत घ्यावा. इंग्रजांनी घेतला, फ्रेंचांनी घेतला, आपल्या टिळक-भांडारकरांनी वाचला. त्यातून बॉम्ब निघायचा असता तर जर्मनांनीच का काढला असता?

हस्तलिखितांचा प्रश्न जरा गंभीर आहे, म्हणून नीट सांगतो. 1868पासून मुंबई सरकारने हस्तलिखितं विकत घेण्याची मोहीम काढली. तीत गेऑर्ग ब्यूलर आणि कीलहॉर्न हे दोघे जर्मन आघाडीवर होते. पुढे रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीही तेच काम केलं. ब्यूलर यांनी मिळवलेली बरीच जैन हस्तलिखितं बर्लिनच्या ग्रंथालयात गेली, हे खरं आहे, आणि अल्ब्रेख्ट वेबर यांनी त्यांची सूची छापली, हेही खरं. म्हणजे जर्मनीला पोथ्या गेल्या. कोणत्या गेल्या? अहिंसेचा उपदेश करणाऱ्या जैनांच्या. बॉम्ब बनवण्यासाठी याहून गैरसोयीचं साहित्य शोधून सापडणार नाही. मूळ सरकारी संग्रह मात्र कुठे गेला नाही. तो आधी डेक्कन कॉलेजात होता, आणि 1917मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन झाल्यावर तिच्याकडे आला. आजही तिथे आहे, सूचीसकट. ज्या पोथ्या ‘जर्मनांनी नेल्या’ म्हणून आपण हळहळतो, त्यातल्या पुष्कळशा जर्मनांनी जमवल्या आणि पुण्यात ठेवल्या. त्यांच्यावर घाला पडला तो 5 जानेवारी 2004 रोजी, जेव्हा आपल्याच माणसांच्या जमावाने संस्थेत घुसून कपाटं फोडली, पुस्तकं आणि हस्तलिखितं फाडली. त्या जमावात एकही जर्मन नव्हता. त्याबद्दल उत्सवात व्याख्यान झालेलं माझ्या ऐकिवात नाही.

आणखी एक गंमत. नात्सींना संस्कृतचं वावडं नव्हतं, उलट वेड होतं. एसएस या नात्सी दलाचा प्रमुख हिमलर, त्याच्या ‘आननएर्बे’ या संस्थेचा अध्यक्ष वाल्थर व्यूस्ट हा संस्कृतचा प्राध्यापक होता आणि एसएसचा अधिकारीही. म्हणजे पोथी वाचणारा माणूस सत्तेच्या अगदी मांडीला मांडी लावून बसला होता. तरीही युरेनियमच्या कामात त्याला कुणी बोलावलं नाही. तिथे रसायनवाले होते, भौतिकवाले होते, लष्कराच्या शस्त्रखात्याचे लोक होते. इतकंच काय, जर्मन पोस्टखातंसुद्धा होतं! पोस्टमंत्री ओनेझोर्गे यांनी खात्याच्या पैशातून मान्फ्रेड फॉन आर्डेन यांच्या खाजगी प्रयोगशाळेला अणुसंशोधनासाठी मदत दिली होती. पोस्टमन आत शिरला, पण संस्कृतच्या मास्तरला दारातही उभं केलं नाही.

‘जर्मन आणि गीता’ ही जोडी कुठून आली याचा माझा अंदाज सांगतो. बॉम्ब करणाऱ्यांपैकी संस्कृत येणारा माणूस एकच प्रसिद्ध आहे, रॉबर्ट ओपेनहायमर. तो बर्कलीत आर्थर रायडर यांच्याकडे संस्कृत शिकला आणि गीता मुळातून वाचत असे. 2023मध्ये त्याच्यावरचा सिनेमा आल्यावर बार्शीच्या पोरांनाही हे ठाऊक झालं. पण ओपेनहायमर न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला अमेरिकी. त्याचे वडील जर्मनीतून आलेले ज्यू. त्या काळी ते कुटुंब जर्मनीत असतं तर प्रयोगशाळेत नव्हे, छळछावणीत गेलं असतं. भर म्हणून रॉबर्ट युंक यांनी 1956 साली अणुशास्त्रज्ञांवर जर्मनमध्ये पुस्तक लिहिलं आणि त्याला गीतेच्या अकराव्या अध्यायातल्या हजार सूर्यांवरून नाव दिलं. नाव गीतेचं, भाषा जर्मन, विषय बॉम्ब. यापुढची फोडणी फोनने घातली.

तर मग जर्मनांचं घोडं अडलं कुठे? व्याख्यात्यांनी ही गोष्ट सांगितली असती तर मी स्वतः उठून टाळ्या वाजवल्या असत्या, कारण ती कुठल्याही चोरीपेक्षा रंगतदार आहे.

डिसेंबर 1938मध्ये बर्लिनमध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांना युरेनियमवर न्यूट्रॉन मारल्यावर बेरियम मिळालं. हे काय झालं ते त्यांना उलगडेना. उलगडा केला तो लिझे माइट्नर यांनी आणि त्यांचा भाचा ओटो फ्रिश याने: युरेनियमचा गाभा दुभंगला होता. माइट्नर तोवर बर्लिनमध्ये नव्हत्या. तीस वर्षं हानबरोबर काम करून त्या ज्यू म्हणून स्वीडनला पळाल्या होत्या. म्हणजे शोध लागला त्याच दिवशी त्याचा अर्थ सांगणारा मेंदू देशाबाहेर होता. आणि त्या काही एकट्या नव्हत्या. 7 एप्रिल 1933च्या कायद्याने विद्यापीठांतले ज्यू प्राध्यापक काढायला सुरुवात झाली आणि एकट्या गॉटिंगेनमधून बोर्न गेले, फ्रांक गेले, कूरांट गेले. जे मागे राहिले त्यांनाही सुख नव्हतं. सापेक्षतावाद शिकवतो म्हणून हायझेनबर्गला 1937 साली एसएसच्या साप्ताहिकाने ‘गोरा ज्यू’ ठरवलं. शेवटी त्याच्या आईने हिमलरच्या आईच्या ओळखीतून शब्द टाकला.

बोर्नचं नाव आलंच आहे तर एक कडू गोळी. जर्मनीतून घालवलेले बोर्न 1935-36च्या हिवाळ्यात बेंगळुरूला येऊन राहिले होते, सी. व्ही. रामन यांच्या बोलावण्यावरून. रामन यांना त्यांना भारतीय विज्ञान संस्थेत कायमचं ठेवायचं होतं. संस्थेतल्या विरोधापुढे ते जमलं नाही आणि बोर्न एडिंबराला गेले. पुंजयामिकीचा एक जनक आपल्या ओसरीवर येऊन बसला होता आणि आपण त्याला चहा पाजून वाटेला लावलं. पोथी गेल्याचं दुःख करणाऱ्यांनी एखादा अश्रू यासाठीही राखून ठेवावा.

सप्टेंबर 1939मध्ये युद्ध सुरू झालं आणि जर्मन लष्कराने ‘युरेनियम मंडळ’ बसवलं. अडचण अशी होती: निसर्गात मिळणाऱ्या युरेनियममध्ये उपयोगी जातीचा, 235चा, हिस्सा फक्त 0.7 टक्के. फुटलेल्या गाभ्यातून निघणाऱ्या न्यूट्रॉनने पुढचा गाभा फोडायचा, ही साखळी चालू ठेवायची तर न्यूट्रॉनचा वेग कमी करणारा पदार्थ मधे हवा, आणि त्या पदार्थाने न्यूट्रॉन गिळता कामा नयेत. विहिरीचं पाणी पाटाने शेवटच्या वाफ्यापर्यंत न्यायचंय आणि पाटाला उंदरांची बिळं आहेत, असा हा मामला. पंप कितीही मोठा लावा, बिळं बुजवल्याशिवाय वाफा भिजत नाही. असे पदार्थ व्यवहारात दोन: ग्राफाइट आणि जड पाणी. हायडेलबर्गला वाल्थर बोथे यांनी ग्राफाइट मोजून पाहिलं आणि निकाल दिला की हे न्यूट्रॉन फार गिळतं. खरं तर गिळत होती त्यातली अशुद्धी. विल्हेल्म हान्ले यांनी ग्राफाइटातल्या बोरॉन आणि कॅडमियमकडे बोट दाखवलंही होतं. पण तितकं शुद्ध ग्राफाइट करणं महाग पडेल म्हणून लष्कराने तो नाद सोडला. तिकडे अमेरिकेत लिओ झिलार्ड नावाच्या विस्थापित हंगेरियन ज्यू माणसाने ग्राफाइटच्या कारखानदारांना खोदून खोदून विचारलं, बोरॉन कुठून येतो ते शोधलं, आणि बोरॉन नसलेलं ग्राफाइट करून घेतलं. 2 डिसेंबर 1942 रोजी शिकागोत एन्रिको फर्मींच्या भट्टीत साखळी सुरू झाली. फर्मींची बायको ज्यू, म्हणून तेही इटलीतून निघून आलेले.

राहिलं जड पाणी. ते साध्या पाण्यात अगदी नगण्य असतं आणि वेगळं काढायला वीज बेसुमार लागते. युरोपात ते होत होतं नॉर्वेच्या वेमोर्क इथल्या खतकारखान्यात, कारण तिथे धबधब्याची वीज स्वस्त. फेब्रुवारी 1943मध्ये नॉर्वेच्याच तरुणांनी बर्फातून, दरी उतरून जाऊन तिथली यंत्रणा उडवली. नोव्हेंबरमध्ये अमेरिकी विमानांनी बॉम्ब टाकले. उरलासुरला माल जर्मनीकडे निघाला तेव्हा 20 फेब्रुवारी 1944 रोजी तिन सरोवरात ती बोटच बुडवली. (आपल्याकडे रायगड जिल्ह्यात थळला जड पाण्याचा कारखाना आहे, तोही खतकारखान्याला लागून. ज्याला हा धागा जुळवायचा असेल त्याने खुशाल जुळवावा, तो निदान खरा आहे.)

याहून मोठं कारण ओळखीचं आहे: गटबाजी. कुर्ट डीबनर लष्कराचा माणूस, गोटोव्हला त्याचा वेगळा प्रयोग. हायझेनबर्ग नोबेलवाला, त्याचा वेगळा. डीबनरने युरेनियमचे ठोकळे टांगून पाहिले आणि ते हायझेनबर्गच्या पत्र्यांपेक्षा सरस ठरले, तरी हायझेनबर्ग बराच काळ पत्रे सोडेना, कारण पत्र्यांचं गणित सुटसुटीत. युरेनियम तुटपुंजं, जड पाणी त्याहून तुटपुंजं, आणि तेही दोघांत वाटलेलं. ग्रामपंचायतीच्या दोन गटांनी एकाच टँकरसाठी भांडावं तसे जगातले पहिल्या रांगेतले भौतिकशास्त्रज्ञ भांडत होते. अमेरिकेत त्याच सुमारास दोन अब्ज डॉलर आणि लाखाच्या वर माणसं एका साहेबाखाली कामाला लागली होती. जर्मनीत संशोधकांची संख्या शंभराच्या आसपास फिरत होती. ओरानिएनबुर्गला युरेनियम शुद्ध करण्याच्या कारखान्यात छळछावणीतल्या कैद्यांना जुंपलं होतं, हेही या ‘शुद्ध विज्ञाना’च्या हिशोबात धरायला हवं.

शेवटचा प्रयोग पाहण्यासारखा आहे. बॉम्बहल्ल्यांना कंटाळून बर्लिनची मंडळी दक्षिणेला हायगरलोख या टीचभर गावी गेली. टेकडीवर चर्च, टेकडीच्या पोटात दारू साठवायचं तळघर. त्या तळघराच्या जमिनीत खड्डा, खड्ड्यात धातूचं पिंप, पिंपाच्या झाकणाला 78 साखळ्या, आणि त्या साखळ्यांना टांगलेले युरेनियमचे 664 ठोकळे, प्रत्येक पाच सेंटिमीटरचा. एक एक ठोकळा हाताने ओवलेला. मार्च 1945मध्ये त्यात दीड टन जड पाणी हळूहळू सोडलं. न्यूट्रॉन वाढत गेले, सुमारे 6.7 पटींपर्यंत, आणि थांबले. साखळी धरली नाही. भट्टी निम्म्याने मोठी हवी होती आणि तेवढा माल जर्मनीत एका जागी नव्हता. एप्रिलअखेर अमेरिकेची ‘अल्सॉस’ तुकडी आली. ठोकळे एका शेतात पुरलेले सापडले. आणि गुप्त कागदपत्रं? ती हेखिंगनला हायझेनबर्गचे सहकारी फॉन वायत्सेकर यांच्या घरामागच्या शौचकूपात डबाबंद करून सोडली होती. अमेरिकी सैनिकांनी ती बाहेर काढली. व्याख्यात्यांना जी पोथी हवी आहे तिच्या सगळ्यात जवळ जाणारी वस्तू हीच. आज हे अहवाल अभ्यासकांना खुले आहेत. त्यांत न्यूट्रॉनचे आकडे आहेत, आकृत्या आहेत. अथर्ववेद नाही.

आता तिसरा मजला, हायझेनबर्गची सदसद्विवेकबुद्धी. हा दावा फक्त आमच्या व्याख्यात्यांचा नाही, चांगले शिकलेसवरलेले लोकही तो करतात, म्हणून याला जरा जास्त मान देतो. 1929 साली हायझेनबर्ग कोलकात्यात रवींद्रनाथांना भेटले हे खरं आहे. पण त्यांचं पुंजयामिकीचं काम 1925चं आणि अनिश्चिततेचं तत्त्व 1927चं. भेटीने ते दिलेलं नाही. त्या भेटीने बॉम्बपासून आवरलं का? याचं उत्तर शोधायला फार्म हॉलला जावं लागतं.

जुलै 1945पासून इंग्रजांनी दहा जर्मन शास्त्रज्ञांना केंब्रिजजवळच्या या बंगल्यात नजरकैदेत ठेवलं. भिंतींत मायक्रोफोन लपवलेले. सुरुवातीलाच डीबनरला शंका आली, तर हायझेनबर्ग हसले: इंग्रज काही इतके हुशार नाहीत. 6 ऑगस्टच्या संध्याकाळी हिरोशिमाची बातमी आली. हान यांना आधी सांगितलं, तर ते कोसळले. आपल्या शोधाने इतकी माणसं मेली असं म्हणू लागले. पहारेकरी अधिकाऱ्याने त्यांना मद्य पाजून सावरलं. बाकीच्यांना जेवणाच्या टेबलावर कळलं आणि त्यांनी बातमी चक्क उडवून लावली. युरेनियमचा काही संबंध नसेल, अमेरिकनांनी काहीतरी नाव देऊन ठोकून दिलं असेल, असा हायझेनबर्गचा सूर. रात्री नऊच्या बीबीसीने तो सूर बंद केला. मग हान यांनी टोमणा मारला की अमेरिकनांकडे बॉम्ब असेल तर तुम्ही सगळे दुय्यम दर्जाचे.

त्याच रात्री फॉन वायत्सेकरनी पहिल्यांदा ती गोष्ट मांडली: आपल्याला ते मनापासून करायचंच नव्हतं, म्हणून झालं नाही. हान यांनी तिथल्या तिथे सांगितलं की माझा यावर विश्वास नाही. माक्स फॉन लाउए हे त्या दहांत असे होते ज्यांचा या कामाशी संबंधच नव्हता. त्यांनी पुढे 1959मध्ये एका पत्रात लिहिलं की ही कहाणी टेबलावरच्या गप्पांत कशी आकाराला आली. आणि हायझेनबर्ग? त्या पहिल्या रात्री त्यांनी बॉम्बला लागणाऱ्या युरेनियम-235चा अंदाज टनाच्या घरात केला. आठवड्याने, 14 ऑगस्टला, सहकाऱ्यांपुढे केलेल्या विवेचनात तो दुरुस्त करून खाली आणला. उत्तर माहीत असूनच लपवलं असतं तर पहिल्या रात्री चुकायचं कारण काय होतं?

हायझेनबर्गच्या बाजूनेही सांगण्यासारखं आहे, ते झाकत नाही. 1942च्या सुरुवातीच्या लष्करी अहवालात दहा ते शंभर किलोचा आकडा येतो. म्हणजे लहान आकडा मंडळात कुणाला तरी ठाऊक होता. 4 जून 1942 रोजी शस्त्रास्त्रमंत्री श्पेअरसमोर मोठा पैसा मागायची संधी होती, तेव्हा त्यांनी मागितला तो किरकोळ. पण या दोन्हींचा साधा अर्थ असा लागतो की हे युद्ध संपायच्या आत बॉम्ब होणार नाही असं लष्कराने आणि शास्त्रज्ञांनी तोवर ठरवून टाकलं होतं, आणि ‘करतो’ म्हणून न झाल्यास मान कुणाची जाईल हे हायझेनबर्गना चांगलं कळत होतं. त्याला विवेक म्हणायचं असेल तर सरकारी कामात विवेकी माणसांची कमतरता कधीच नव्हती. आणि सप्टेंबर 1941मध्ये कोपनहेगनला हायझेनबर्ग ज्यांना भेटले त्या नील्स बोर यांची न पाठवलेली पत्रं 2002मध्ये उघड झाली. त्यांत बोर यांची आठवण स्पष्ट आहे: जर्मनीत अण्वस्त्रांसाठी सर्व काही चाललं आहे असाच समज हायझेनबर्गने करून दिला. सत्याग्रही माणूस असा बोलत नाही.

‘आम्हाला येत होतं, पण आम्ही केलं नाही’ असं फार्म हॉलच्या टेबलावर म्हटलं गेलं. ‘आमच्याकडे होतं, पण त्यांनी चोरलं’ असं आपल्या मंडपात. या दोन गोष्टी सख्ख्या बहिणी आहेत. दोन्हींत हरलेल्याची अब्रू वाचते, आणि दोन्हींत काम न केल्याचा जाब द्यावा लागत नाही. फरक एवढाच की जर्मनांकडे निदान 664 ठोकळे होते. आपल्याकडे 1895च्या चौपाटीवरच्या शिवकर बापूजी तळपदे यांच्या विमानाची आख्यायिका आहे, आणि 2015च्या जानेवारीत मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये वाचला गेलेला, ‘वैमानिकशास्त्र’ या ग्रंथाच्या आधाराचा निबंध. त्या ग्रंथाचा निकाल बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974मध्येच लावला होता: ग्रंथ विसाव्या शतकातला आणि त्यातली विमानं उडणं अशक्य. चाळीस वर्षांनी विज्ञान काँग्रेसमध्ये त्याचाच आधार घेतला जातो, याला काय म्हणावं?

इथे कुणीतरी ‘तुम्ही धर्माला नावं ठेवता’ म्हणणार. चैत्री पौर्णिमेच्या आमच्या येडेश्वरी देवीच्या यात्रेत लाखो माणसं आमराईकडे जाऊन चुनखडीचे खडे वेचतात. उन्हात अनवाणी. त्यातली एकही बाई मला कधी सांगत नाही की या खड्यात कॅल्शियमचं गुपित होतं आणि ते इंग्रजांनी नेलं. तिला देवीला खडे वाहायचे असतात, ती वाहते. तिच्या श्रद्धेला प्रयोगशाळेचा दाखला लागत नाही. दाखला लागतो तो व्याख्यात्यांना, आणि तो ते खोटा आणतात.

दुसऱ्या टोकाला आमचं स्टँडसमोरचं हॉटेल आहे. महामार्ग आणि बार्शी-कळंब रस्ता जिथे भेटतात तिथल्या बाकड्यावर विज्ञानाच्या बातमीची जी धुलाई होते ती विद्यापीठात होणार नाही. जानेवारी 2025मध्ये चीनच्या ‘कृत्रिम सूर्या’ने 1066 सेकंद टिकून विक्रम केल्याची बातमी कुणीतरी मोठ्याने वाचली, तर कोपऱ्यातून आवाज आला, “आपल्याकडं हाय त्यालाच झाकण घाला म्हनावं, चैत्र लागायच्या आत डोस्कं तापतंय.” थोरियमने देशाला शेकडो वर्षं वीज मिळेल, असं कुणी म्हणालं की, “शेकड्याचं ऱ्हाऊ द्या आण्णा, आठ तासाची द्या, अन् ती बी दिवसा.” मग डीपी जळून किती दिवस झाले याची चर्चा, वायरमनचा उद्धार, आणि बालाघाटाच्या माथ्यावर फिरणाऱ्या पवनचक्क्यांची वीज नक्की जाते कुठे हा कायमचा सवाल. पहिल्या विनोदात तथ्य किती आहे बघा: गोव्याचे गणितज्ञ दा. ध. कोसंबी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना अणूऐवजी आहे तो सूर्य वापरा असंच सांगत होते, आणि 1962मध्ये संस्थेने त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही.

मला हे हॉटेल मंडपापेक्षा आवडतं. पण तेवढ्याने भागत नाही, हेही सांगायला हवं. सप्टेंबर 1933मध्ये अर्नेस्ट रदरफर्ड यांनी अणूतून ऊर्जा मिळवण्याच्या गोष्टींची थट्टा केली, त्या निव्वळ बाता आहेत म्हणाले. रदरफर्ड म्हणजे अणूचा गाभा शोधणारा माणूस, बाकड्यावरचा नव्हे. लंडनमध्ये ती बातमी वाचून झिलार्ड चिडला, आणि त्या चिडीतून त्याला साखळी प्रक्रिया सुचली. फार्म हॉलच्या टेबलावरच्या मंडळींनीही हिरोशिमाच्या बातमीची आधी टरच उडवली होती. टाळी वाजवणारा आणि टर उडवणारा दोघेही हिशोब मागत नाहीत.

हिशोब मागितला की बातमी कशी उलगडते ते पाहा. डिसेंबर 2022मध्ये अमेरिकेच्या लिव्हरमोर प्रयोगशाळेने जाहीर केलं की लेसरने 2.05 मेगाज्यूल ऊर्जा दिली आणि अणुसंमीलनातून 3.15 मिळाली. जग आनंदलं, आणि आनंदण्यासारखं होतंही. हे मी बाकड्यावर सांगितलं तेव्हा ऊस कारखान्यात वजनकाट्यावर उमेदवारी केलेला एक जण म्हणाला, “लेसरला वीज किती लागली त्ये सांगा की. मीटर कुठं बसवलंय?” लागली होती सुमारे 300 मेगाज्यूल. त्याला अणू येत नाही, पण काटा कुठे मारतात ते येतं.

तेव्हा व्याख्याते महोदय, पुढच्या गणपतीत जरूर या. येताना तीन गोष्टी आणा: ग्रंथाचं नाव, हस्तलिखिताचा क्रमांक, आणि न्यूट्रॉनचा वेग कशाने कमी करावा हे सांगणारं पान. भांडारकर संस्थेच्या छापील सूच्या आहेत, त्यांत शोधायला सोपं जाईल. पुण्याच्या एसटीचं तिकीट मंडळाने दिलं नाही तर मी देतो, येण्याजाण्याचं.